सिकलसेलची गर्भतपासणी: निर्णय तिचा, पण आठवडे कोणाच्या हातात?

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त हैदराबादमध्ये शिकणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांनी घेतलेल्या बैठकीतील भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिला होता 'स्त्रिया, शिक्षण आणि आरोग्य'. एवढ्या मोठ्या विषयावर तासभर बोलून काहीच न सांगता खाली बसता येतं. म्हणून मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. पोटातल्या बाळाला सिकलसेलचा आजार आहे की नाही, हे गरोदरपणातच तपासता येतं. ती तपासणी करायची की नाही, हे ठरवायचं कसं आणि कोणी? जवळपास दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न माझ्यासमोर आला, तेव्हा मी समाजशास्त्रात एम.ए. करून पीएचडीला होते. प्रजननाच्या हक्कांवर वर्गात निबंध लिहिले होते. त्यातलं फारसं काही कामाला आलं नाही.

शेवट आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही त्याची वाट बघत बसणार नाही. आम्ही तपासणी केली. माझी मुलगी आता चौदा महिन्यांची आहे. ती 'एएस' आहे, म्हणजे माझ्यासारखीच वाहक, आजारी नाही. हे ऐकून तुम्हाला बरं वाटलं असेल. मलाही तेव्हा वाटलं होतं. पण ते बरं वाटणं इतकं साधं नाही, कारण माझा सख्खा भाऊ 'एसएस' आहे.

मी भंडारा जिल्ह्यातली. माय विड्या वळते, बाबा गवंडीकाम करतात. भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तो अगदी लहान असल्यापासून त्याचे हातपाय सुजायचे, डोळे पिवळे दिसायचे, रात्र-रात्र रडायचा. कोणी वात म्हणालं, कोणी कावीळ, कोणी करणी. तो सात वर्षांचा असताना त्याला नागपूरला नेलं, तेव्हा रक्ताच्या तपासणीत सिकलसेल निघाला. मग आम्हा सगळ्यांचं रक्त तपासलं. माय एएस, बाबा एएस, मी एएस. मी बारा वर्षांची होते. रिपोर्ट इंग्रजीत होता आणि घरात इंग्रजी अक्षरं ओळखणारी मी एकटी. डॉक्टरांनी कागद बाबांच्या हातात दिला, बाबांनी तो माझ्या हातात दिला.

इथे बसलेल्या बहुतेकांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. घरातले पहिले शिकलेले आपण. बँकेचा कागद, कोर्टाची नोटीस, दवाखान्याचा रिपोर्ट, सगळं शेवटी आपल्याच हातात येतं. आजचं बोलणं त्यासाठी आहे.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकात एक छोटा बदल झाला की 'एस' प्रकारचं हिमोग्लोबिन तयार होतं. आईकडून आणि वडिलांकडून असं दोन्हीकडून ते जनुक आलं, तर ते मूल एसएस. त्याच्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून असह्य वेदना होतात, रक्त कमी होतं, जंतुसंसर्ग पटकन होतो, प्लीहा, हाडं, फुप्फुस, मेंदू यांना इजा होऊ शकते. एकाच बाजूने आलं तर एएस, म्हणजे वाहक; त्याला सहसा काही त्रास नसतो. नवरा-बायको दोघंही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. लोक म्हणतात, पहिलं एसएस झालं, आता पुढची तिघं चांगली निघतील. तसं नसतं. दर खेपेला हिशोब नव्याने सुरू होतो.

आणखी एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. एक जोडीदार एएस आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तरी मुलाला सिकलसेलसारखाच गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून शाळेतल्या शिबिरात झालेल्या सोल्युबिलिटी टेस्टवर थांबू नका. ती फक्त 'एस' आहे की नाही एवढंच सांगते. एएस की एसएस हे सांगत नाही, आणि थॅलेसेमिया तर अजिबातच नाही. त्यासाठी एचपीएलसी करावी लागते.

आता जातीकडे येते. विदर्भात हा 'आपल्या समाजाचा आजार' आहे असं तुम्ही ऐकलं असेल, आपल्या माणसांच्या तोंडूनही. भारतात सिकलसेलची नोंद पहिल्यांदा १९५२ मध्ये झाली, नीलगिरीतल्या आदिवासींमध्ये आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्ये. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातली नोंद प्रसिद्ध केली. आज गुजरातपासून ओडिशापर्यंत आणि वायनाडपर्यंत तो दिसतो. या सगळ्यांना जोडणारा धागा मलेरियाचा. एएस असलेल्या मुलाला जीवघेण्या मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं, त्यामुळे जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकून राहिलं. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठावरही ते आहे. म्हणजे जातीमुळे हा आजार होत नाही. कोणाच्या रक्ताला 'दोष' लागलेला नाही.

पण जात एक काम करते. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. जातीच्या आत लग्न करण्याची सक्ती हेच जातीचं मूळ लक्षण आहे, ही त्यातली मांडणी आपण सगळे परीक्षेत लिहितो. जे जनुक एका गटात जास्त आहे, तो गट पिढ्यान्‌पिढ्या आतल्या आत लग्न करत राहिला, तर दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. जातीची भिंत वरच्यांनी बांधली आणि तिच्या आतलं दुखणं आमच्या वाट्याला आलं.

यावर काही जण लगेच म्हणतात, मग आंतरजातीय लग्न करा, प्रश्न संपला. आंतरजातीय लग्नाला माझा पाठिंबाच आहे. पण ते 'रक्त सुधारण्याचं औषध' म्हणून सांगितलं की मला खटकतं. जातिअंत माणुसकीसाठी हवा. माझंच उदाहरण घ्या. माझं लग्न प्रेमाचं, याच शहरात जमलेलं, पण झालं समाजातच. नवरा चंद्रपूरकडचा, तोही घरातला पहिला पदवीधर. विद्यापीठात आपल्याला कोण जवळ करतं, कोणासोबत आपण न घाबरता जेवायला बसतो, हेही जातच ठरवत असते.

आता माझी चूक सांगते. मी वाहक आहे हे मला बाराव्या वर्षापासून माहीत होतं. तरी लग्नाआधी मी त्याला रक्त तपासायला सांगितलं नाही. लग्नानंतरही दोन वर्षं टाळलं. 'इतक्यात मूल नको', 'थिसिस होऊ दे', अशी कारणं होती. खरं कारण भीती हे होतं. तो एएस निघाला तर? माझ्या मावसबहिणीचं ठरलेलं लग्न तिचा एएसचा रिपोर्ट कळल्यावर मोडलं होतं. मुलाकडच्यांनी मुलाचं रक्त तपासलंच नव्हतं. मुलगी वाहक आहे एवढं त्यांना पुरलं. हल्ली सरकारी कार्यक्रमांतून सांगतात, लग्नाआधी कुंडलीऐवजी सिकलसेलचं कार्ड जुळवा. कुंडलीत मंगळ कोणाच्या पत्रिकेत शोधतात आणि लग्न कोणाचं मोडतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे कार्ड कोणावर उलटणार हे वेगळं सांगायला नको.

मग दिवस गेले. कळलं तेव्हा सहावा आठवडा होता. नवऱ्याचं रक्त दुसऱ्या दिवशी दिलं. रिपोर्ट आठवड्याने आला. एएस.

आता आठवड्यांचा हिशोब नीट ऐका, कारण सगळा निर्णय त्यावर उभा आहे. बाळाचा आजार तपासण्याचे मुख्य दोन मार्ग आहेत. एक, साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात सोनोग्राफीत बघत बघत पोटातून सुई घालून वारेचा अगदी बारीक अंश घेतात. दुसरा, सोळाव्या आठवड्याच्या आसपास गर्भाभोवतीचं पाणी काढतात. दोन्हींत बाळाच्या पेशींतला डीएनए तपासला जातो. दोन्हींत गर्भपात होण्याचा थोडा धोका असतो, साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी. निकालाला एक ते दोन आठवडे लागतात. त्याआधी आई-वडील दोघांच्या रक्ताची पक्की तपासणी झालेली असावी लागते. खाजगी दवाखान्यात 'डबल मार्कर' म्हणून जी तपासणी लिहून देतात ती ही नव्हे. ती डाऊन सिंड्रोमसारख्या गोष्टींची फक्त शक्यता सांगते. सिकलसेल त्यात कळत नाही. ती नॉर्मल आली म्हणून निश्चिंत राहू नका.

आता कायदा. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे गर्भाची कोणतीच तपासणी करता येत नाही, असा अनेकांचा समज आहे. लिंग सांगायला बंदी आहे. पण हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात तपासणी करायला त्याच कायद्याने परवानगी दिली आहे. अट अशी की, धोके समजावून सांगून, तिला समजणाऱ्या भाषेत गरोदर बाईची लेखी संमती घ्यायची आणि तिची प्रत तिला द्यायची. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ पासून विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. गर्भात गंभीर व्यंग असण्याच्या कारणासह काही ठरावीक परिस्थितीत विसाव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत दोघांचं लागतं. त्यापुढे मेडिकल बोर्ड. आणि सज्ञान बाईच्या बाबतीत संमती फक्त तिची लागते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, दवाखाने मागतात तरीही.

आता हे आठवडे गावातल्या बाईवर लावून बघा. तिची नोंदणी तिसऱ्या महिन्यात झाली, तर बरं म्हणायचं. मग तिचं रक्त तपासणार. ती एएस निघाली की मग नवऱ्याला बोलावणार. तो सुरतेला, पुण्याला किंवा इथेच हैदराबादला बांधकामावर. तो येणार, किंवा 'मला काही झालं नाही' म्हणून येणारच नाही. आला तर त्याचा रिपोर्ट. मग तपासणीची सोय असलेलं मोठं शहर. तोवर पाचवा महिना लागलेला. तिच्यापुढे निर्णय ठेवला जातो तेव्हा निर्णयाची वेळ जवळजवळ गेलेली असते. पुस्तकात याला 'स्त्रीची निवड' म्हणतात. मी वेळेत पोचले, कारण मी मोठ्या शहरात होते, माझी फेलोशिप चालू होती आणि मला कोणाला फोन करायचा हे माहीत होतं. माझ्या मायेला यातलं काहीच नव्हतं. माझ्याही मेहनतीचा वाटा त्यात थोडाच.

ज्या सरकारी केंद्रात आम्ही गेलो तिथे समुपदेशक बाईंनी आधी जात विचारली. इंग्रजीत, आवाज जरा खाली घेऊन, 'मेडिकल रीजनसाठी' म्हणून. मी सांगितली. मग त्यांनी विचारलं, "एसएस निघालं तर गर्भ पाडणार ना? पाडणार नसाल तर तपासणी कशाला करता?"

त्या वाईट नव्हत्या. बाहेर रांग होती. पण हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि तो आपल्याला सगळीकडे भेटतो, म्हणून त्याचं उत्तर नीट तयार ठेवा. तपासणी म्हणजे गर्भपाताला होकार नव्हे. एसएस मूल होणार हे आधी कळलं, तर बाळंतपण कुठे करायचं ते ठरवता येतं. जन्मल्यावर दोन महिन्यांच्या आत पेनिसिलिन सुरू करता येतं, लसी चुकवायच्या नाहीत हे कळतं, ताप आला की घरी थांबायचं नाही हे कळतं. पोटातली तपासणी केली नाही, तर जन्मल्याबरोबर बाळाच्या टाचेतून रक्त घेऊनही हे कळू शकतं. माझ्या भावाला हे सात वर्षांनी कळलं. त्या सात वर्षांत जे झालं ते तपासणी नसल्यामुळे झालं.

तरी मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. त्या आठवड्यांत माझा कल गर्भपाताकडे होता. नवऱ्याचा नव्हता. तो म्हणाला, "आता औषधं आहेत. हायड्रॉक्सीयुरियाने क्रायसिस कमी होतात. आपण दोघं शिकलेले आहोत." त्याचं खरं होतं. आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये काही जणांचा आजार तुलनेने सौम्यही असतो. पण सौम्य कोणाचा असेल हे गर्भात सांगता येत नाही. मी भावाच्या उशाशी बसलेली माय बघितली होती. क्रायसिसच्या रात्री पुरुष माणूस औषध आणायला बाहेर जातो. लेकराच्या पायाला शेक देत रात्रभर बसते ती बाई असते. सकाळी तीच विड्यांचं सूप मांडीवर घेते. मी त्याला म्हटलं, "तू बाप म्हणून विचार करतोस. मी मायेकडे बघून विचार करते."

मग तो म्हणाला, "शेवटी तू ठरवशील ते." हे वाक्य चांगलं वाटतं. मैत्रिणींनो, ते वाक्य ऐकलं की सावध व्हा. त्यात हक्क तुमच्या हातात देतात आणि भारही एकट्या तुमच्याच डोक्यावर ठेवतात. मी त्याला म्हटलं, "ठरवणार मीच. पण तू काय करणार ते आधी सांग. मूल एसएस झालं तर रजा कोण घेणार? दर महिन्याला दवाखान्याच्या रांगेत कोण उभं राहणार? नाही ठेवलं तर तुझ्या आईला कोण सांगणार?" त्या रात्री आम्ही वहीत लिहून काढलं. भांडलो, रडलो, पण लिहिलं. इथे जे मुलगे बसलेत, त्यांनी 'तुझा निर्णय' म्हणण्याआधी ही वही घेऊन बसावं.

मी मायेलाही विचारलं. ती म्हणाली, "तुले झेपन ते कर, बाई. मले कोणी विचारलं नव्हतं." एवढंच.

आणि मी भावाला फोन केला. बरेच दिवस हिंमत होत नव्हती. मी वर्गात अपंगत्व हक्क चळवळीचं लेखन वाचलं होतं. व्यंग असलेला गर्भ निवडून पाडणं म्हणजे तसं जगणाऱ्या माणसांना 'तुम्ही नसतात तर बरं झालं असतं' असं सांगणं आहे, हा त्यांचा युक्तिवाद मला पाठ होता. तो माणूस फोनच्या पलीकडे माझा भाऊ होता. चोवीस वर्षांचा, क्रायसिसमुळे बी.ए.ची दोन वर्षं बुडालेला, कॅरमला आमच्या वस्तीत कोणाला न ऐकणारा.

तो म्हणाला, "मले नको विचारू ताई. करू नको म्हटलं अन् लेकरू एसएस निघालं, तर त्याचं दुखणं माझ्या डोक्यावर. कर म्हटलं, तर मीच नको होतो असं होते." मग थोड्या वेळाने म्हणाला, "तपासणीचं तू पाहून घे. इथं दोन महिन्यांपासून कॅप्सूल नाही आली, तिचं काही होते का बघ."

मी निर्णयाबद्दल जेवढं वाचलं त्यात या वाक्याएवढं खरं मला काही सापडलं नाही. तपासणी हवी की नको यावर मी आठवडाभर झोपले नव्हते. त्याचा प्रश्न होता, जो जन्माला आला आहे त्याच्या औषधाचं काय?

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू केलं. १७ राज्यं, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत निर्मूलन. तपासणी होते आहे ही चांगली गोष्ट आहे. माझ्या मायेच्या वेळी ती झाली असती तर आमचं घर वेगळं असतं. पण 'निर्मूलन' हा शब्द मला टोचतो. देवीचा रोग निर्मूलन झाला, कारण लस दिली. इथे जनुक जायचं नाही. कमी होऊ शकतात ती एसएस मुलं. म्हणजे कार्ड वाटायची, लग्न जुळवू नका म्हणायचं, गर्भ तपासा म्हणायचं, आणि ज्याला आजार आहे त्याला दोन महिने कॅप्सूल मिळायची नाही. असं झालं तर तो आजाराविरुद्धचा कार्यक्रम राहत नाही. आमची लेकरं जन्मू नयेत एवढाच त्याचा अर्थ उरतो.

अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश झाला. उच्च शिक्षणातल्या पाच टक्के जागांसाठी चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर अर्ज करता येतो. पण सरकारी नोकरीतलं चार टक्के आरक्षण ज्या गटांना आहे, त्यांत रक्ताचे आजार नाहीत. भावाला हे मीच वाचून दाखवलं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत सिकलसेलवरच्या दोन जनुकीय उपचारांना मान्यता मिळाली. त्यातल्या एकाची जाहीर किंमत २२ लाख डॉलर. ती बातमी त्यानेच मला पाठवली, हसण्याची खूण टाकून.

मग बाईचा हक्क कुठे बसतो? १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततीनियमनाच्या सोयींबाबत ठराव आला. स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी तो मांडला आणि बाबासाहेबांचं तयार केलेलं भाषण वाचलं. कोणत्याही कारणाने बाईला मूल नको असेल तर ते टाळणं तिच्या हातात असलं पाहिजे, अशी भूमिका त्यात होती. ठराव फेटाळला गेला. त्याच्या दहा वर्षं आधी, १९२८ मध्ये, याच बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात कामगार बायकांना बाळंतपणाचा लाभ देण्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. मी या दोन गोष्टी एकत्र वाचते. मूल नको म्हणण्याचा हक्क, आणि मूल हवं असेल तर ते वाढवायला आधार मिळण्याचा हक्क. यातला एकच दिला तर ती निवड नाही. फक्त पहिला दिला तर ती सक्ती होते. फक्त दुसऱ्याच्या गप्पा मारून पहिला काढून घेतला तर तीही सक्तीच.

म्हणून एसएस गर्भ ठेवणाऱ्या बाईला मी अडाणी म्हणणार नाही, आणि न ठेवणारीला निर्दयी म्हणणार नाही. चळवळीतल्या माणसांनीही म्हणू नये. माझा निकाल एसएस आला असता तर मी काय केलं असतं? कल सांगितला. प्रत्यक्षात काय केलं असतं हे मी भावाला सांगितलेलं नाही आणि त्याने विचारलेलं नाही. निकालाचा फोन आला तेव्हा मला जे बरं वाटलं, त्याची त्याच्यासमोर अजून लाज वाटते. ही लाज चुकीची आहे असं मला वाटत नाही. ती असू दे.

शेवटची एक गोष्ट. तपासणीच्या दिवशी बाहेर बाकावर किनवटकडची एक बाई बसली होती. आदिवासी, विशीतली, नवरा इथेच इमारतीच्या कामावर. एकोणिसावा आठवडा. संमतीचा कागद इंग्रजीत आणि तेलुगूत. सिस्टरने विचारलं, मराठी कोणाला येतं? मी उठले. तिला ओळ न् ओळ वाचून सांगितलं: सुई कुठे घालणार, धोका किती, निकाल कधी, पुढे काय होऊ शकतं. तिने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "लेकराला निघालं, तर गोळ्या गावात भेटतील का?"

कागदावर याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. तिने अंगठा लावायच्या आधी 'नवऱ्याला विचारून येते' म्हटलं आणि ती गेली. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही.

आपण काय करू शकतो ते सांगून थांबते. एक, ज्यांचं लग्न व्हायचंय किंवा झालंय त्यांनी आत्ताच एचपीएलसी करून घ्या, मुलग्यांनी आधी. दिवस जाण्याआधी केलेली तपासणी बाईला पुढचे सहा-सात आठवडे मिळवून देते. दुसरं, घरातला, वस्तीतला रिपोर्ट तुमच्या हातात येईल तेव्हा तो पूर्ण वाचून सांगा, तिच्या भाषेत, धोक्यांसकट, आणि मग गप्प बसा. शिकलेलो आहोत म्हणून तिच्या वतीने ठरवू नका. तिसरं, आपापल्या तालुक्याच्या दवाखान्यात हायड्रॉक्सीयुरिया आहे का, किती महिन्यांचा साठा आहे, रक्त कुठून येतं, याची माहिती मागा. माहिती अधिकाराचा अर्ज आपल्याला लिहिता येतो. मी भावाच्या तालुक्यासाठी लिहिला. कॅप्सूल आली. दर तीन महिन्यांनी पुन्हा लिहावा लागतो. मी लिहिते.

सावित्रीबाई आणि जोतिरावांनी १८६३ मध्ये पुण्यात घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवेला 'तू काय ठरवलंस' असं विचारण्याआधी त्यांनी तिला बाळंत व्हायला जागा दिली आणि लेकराला वाढवायची सोय केली. किनवटच्या त्या बाईचा प्रश्न तोच आहे. गोळ्या गावात मिळतील का, याचं उत्तर 'हो' असेल, त्या दिवशी तिचा निर्णय खऱ्या अर्थाने तिचा असेल. मग तो काहीही असो.

जय भीम, जय सावित्री.